बदाम सातचा प्रोग्रॅम: पानं ५२ भरत नाहीत, डाव अडकतो, कॉम्प्युटर लबाडी करतो

तक्रार साधारण अशी असते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा सराव म्हणून बदाम सातचा प्रोग्रॅम लिहिला. एक माणूस आणि दोन किंवा तीन कॉम्प्युटरचे खेळाडू. दोन-तीन डाव झकास होतात. मग एखाद्या डावात सगळे जण ‘पास, पास, पास’ करत बसतात आणि स्क्रीन पासने भरून जाते. बंद करून पुन्हा चालवला की परत सगळं ठीक. म्हणून त्याकडे कानाडोळा होतो, पत्त्यांची चित्रं-बित्रं सजवणं सुरू होतं, आणि सरांना दाखवायच्या दिवशी नेमका तोच डाव येतो.

इथे पायथन गृहीत धरलं आहे; जावामध्ये जिथे वेगळं घडतं तिथे तसं सांगतो. पायथन ३ मध्ये क्लासला आणि व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं, त्यामुळे खाली `खेळाडू.हात` असं लिहिलंय ते खरंच चालणारं कोड आहे. कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच लागतात. (वापरणाऱ्याने कीबोर्डवर ‘७’ दाबलं तर ‘इंट’ त्याचा बिनतक्रार सात करून देतो, हा भाग निराळा.)

आधी नियम पक्के करू, कारण घराघरांत ते बदलतात. बदामची सत्ती ज्याच्याकडे, त्याची सुरुवात. मग पाळीपाळीने एकेक पान लावायचं: एक तर सत्ती, नाहीतर लागलेल्या रांगेच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला जोडून त्याच चिन्हाचं पान. एक्का दुर्रीच्या खाली. काहीच लागत नसेल तरच पास. ज्याचा हात आधी रिकामा तो जिंकला. काही घरांत पान असूनही पास म्हणून समोरच्याची रांग अडवायची मुभा असते. ती मजा नंतर आणा. दोष शोधेपर्यंत ‘लागत असेल तर लावायलाच हवं’ हा नियम ठेवा.

हा नियम असला की एक गोष्ट हाती लागते. रांग अपुरी आहे म्हणजे तिला हवं असलेलं पुढचं पान कुणाच्या तरी हातात आहेच, आणि त्याची पाळी आली की त्याला ते लावणं भाग आहे. म्हणजे एका पूर्ण फेरीत सगळ्यांनी पास म्हणणं या खेळात घडूच शकत नाही. तसं घडलं तर ‘पत्ते वाईट आले’ हे कारण नाही. एक तर पान हरवलंय, नाहीतर `पट` (लागलेल्या रांगा सांभाळणारा क्लास) खोटं बोलतोय. ओळीने जितके खेळाडू तितके पास झाले की प्रोग्रॅम तिथेच थांबवा आणि सगळ्यांचे हात छापा.

छापण्यासाठी `पान` क्लासमध्ये ‘रेप्र’ मेथड (छापताना ऑब्जेक्ट कसा दिसावा ते सांगणारी) आजच लिहून टाका. ती नसेल तर लिस्ट छापल्यावर ‘बदाम ७’ दिसायच्या जागी मेमरीतले ॲड्रेस दिसतात, आणि त्यांवरून बावन्न पानांत काय शोधणार?

मोजणी आधी, अंदाज नंतर

कुठल्याही क्षणी प्रत्येक पान तीनपैकी एकाच जागी असायला हवं: कॅटमध्ये, कुणाच्या तरी हातात, किंवा पटावर. `डाव` क्लासमध्ये `तपास` नावाची मेथड लिहा. तिने तिन्हीकडची पानं एका लिस्टमध्ये गोळा करायची आणि दोन प्रश्न विचारायचे. एकूण ५२ आहेत का? आणि त्याच लिस्टचा सेट (ज्यात एकच वस्तू दोनदा राहत नाही) केला तर तरीही ५२ उरतात का?

दुसरा प्रश्न बरेच जण गाळतात आणि मग फसतात. समजा पिसण्यासाठी कुणी ‘रँडम’मधलं ‘चॉइस’ बावन्न वेळा फिरवलं. मोजणी ५२ येते, सगळं आलबेल वाटतं, पण ‘चॉइस’ निवडलेलं पान बाजूला काढत नाही. एका हातात इस्पिकची राणी दोनदा आणि किलवरची सत्ती कुठेच नाही, असा कॅट तयार होतो. नुसती बेरीज हे पकडत नाही, सेट पकडतो. पण सेटचा हा पहारा विश्वासाचा व्हायला `पान`ला बरोबरीची व्याख्या हवी. ती खाली येते.

`तपास`ला वाटप झाल्यावर एकदा आणि त्यानंतर प्रत्येक पाळीनंतर एकदा बोलवा. वेळ जातो का? बावन्न पानं मोजायला कॉम्प्युटरला काही वाटत नाही. फायदा असा, की दोष ज्या पाळीला घडला त्याच पाळीला सापडतो. वीस पाळ्यांनंतर सगळे पास म्हणू लागल्यावर नाही.

आता ‘कधी कधीच होतं’ याचा बंदोबस्त. ५२ पानं लावण्याच्या क्रमांची संख्या ६८ अंकी आहे. बिघडलेला डाव नशिबाने परत येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. म्हणून सीड द्या, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा; सीड तोच, तर पिसणीही तीच. त्यातही सगळ्या प्रोग्रॅमला एकच सीड देण्यापेक्षा ‘रँडम’ क्लासचा एक वेगळा ऑब्जेक्ट सीड देऊन बनवा आणि तो `कॅट`ला बनवतानाच हातात द्या. मग कॉम्प्युटर खेळाडूने मध्येच एखादी रँडम निवड केली तरी पिसण्याचा क्रम हलत नाही. डाव सुरू होताना सीडचा आकडा छापून ठेवा.

सीड देऊनही डाव दर वेळी वेगळाच होतो अशी तक्रार असेल तर हात सेटमध्ये ठेवलाय का ते बघा. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश (सेटमधली जागा ज्यावरून ठरते तो आकडा) प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू करताना बदलतो, आणि पानाचं चिन्ह स्ट्रिंग असेल तर सेटमधून पानं बाहेर येण्याचा क्रमही बदलतो. हात लिस्टमध्येच ठेवा.

प्रत्येकाच्या हातात ५२ पानं

`तपास`ने २०८ आकडा दिला तर हे नक्की. चार खेळाडू, वाटप तेरा-तेराचं, पण कुणाचाही हात छापला तरी अख्खा कॅट. डाव चालतोही, फक्त एकाने पान लावलं की चौघांचे हात एकाच वेळी कमी होतात आणि शेवटी सगळे एकदम जिंकतात.

इथे हात चार नाहीतच. एकच लिस्ट आहे आणि चौघांनी तिलाच धरलंय. हे तीन वाटांनी घडतं. पहिली आणि सगळ्यांत जास्त दिसणारी: `खेळाडू`च्या ‘इनिट’मध्ये `हात=[]` असं डिफॉल्ट लिहिणं. वाचताना वाटतं की दर खेळाडूला नवी रिकामी लिस्ट मिळेल. पण पायथन ती लिस्ट फंक्शनची व्याख्या वाचताना एकदाच बनवतो आणि नंतर प्रत्येकाला तीच देतो. डिफॉल्ट ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवा आणि आत नवी लिस्ट बनवा. खरं तर हात बाहेरून द्यायची गरजच नाही, ‘इनिट’च्या आत `सेल्फ.हात = []` पुरे.

दुसरी वाट: `हात = []` ही ओळ मेथडच्या बाहेर, थेट क्लासच्या खाली. ती लिस्ट क्लासची झाली, खेळाडूची नाही. जावात डिफॉल्ट आर्ग्युमेंट नसल्यामुळे तिथली पोरं पहिल्या वाटेने पडत नाहीत, पण ‘स्टॅटिक’ लिहून याच खड्ड्यात येतात. बहुतेकदा एडिटरने लाल रेघ दाखवून ‘स्टॅटिक करू का?’ विचारलेलं असतं आणि आपण हो म्हटलेलं असतं.

तिसरी: चार हात हवेत म्हणून `[[]]`ला चारने गुणणं. त्यातून एकाच लिस्टची चार नावं मिळतात, लिस्ट चार नाही.

शंका असेल तर दोन खेळाडूंच्या हातांची ‘इज’ने तुलना करा. उत्तर ‘ट्रू’ आलं की विषय संपला.

५१ पानं, आणि सगळे पास

मुळात जी तक्रार होती तिचं सर्वांत सामान्य कारण हे, आणि ते तीन खेळाडूंवर हमखास उगवतं. वाटप तुकडे पाडून केलेलं असतं: ५२ भागिले खेळाडू, तितक्या पानांचा एकेक तुकडा. चौघांत तेरा-तेरा बरोबर बसतं. तिघांत १७-१७-१७ होऊन एक पान कॅटमध्येच राहतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पाच जण असतील तर दोन पानं उरतात.

उरलेलं पान कोणतं, यावर लक्षण ठरतं. म्हणूनच हा दोष इतका लहरी वाटतो. बदामची सत्ती उरली तर डाव सुरूच होत नाही. चौकटची नव्वी उरली तर चौकटची दश्शी, गुलाम, राणी, राजा चारही कायमचे अडकले, आणि ते चौघे तिघांत विभागून गेले असतील तर कुणाचाच हात रिकामा होत नाही. पण उरलं ते एखाद्या रांगेच्या टोकाचं पान असेल, किलवरचा राजा म्हणा, तर काहीच बिघडत नाही आणि प्रोग्रॅम शहाण्यासारखा वागतो.

एक गोष्ट लक्षात घ्या: उरलेलं पान कॅटमध्ये असतं, त्यामुळे तिन्ही जागांची बेरीज ५२च येते. `तपास` खूश, डाव अडकलेला. म्हणून वाटपानंतर कॅट रिकामा आहे की नाही, हेही त्यातच तपासा.

उपाय आपण सतरंजीवर बसून जे करतो तोच: कॅट संपेपर्यंत एकेक पान पाळीपाळीने वाटा. १८-१७-१७ झालं तर होऊ द्या.

कॉम्प्युटर न लागणारं पान लावतो

हा दोष मला सगळ्यांत आवडतो, कारण यात दोन चुका हातात हात घालून येतात. कॉम्प्युटर खेळाडूने काय लावता येईल ते शोधायचं असतं. लिहिलेलं असतं असं: `चालणारी = हात`, मग `चालणारी`वरून लूप फिरवायचा, जे पान लागत नाही ते काढून टाकायचं, आणि उरलेल्यातलं पहिलं लावायचं.

पटावर फक्त बदामची सत्ती आहे असं धरा. हातात क्रमाने किलवर राजा, किलवर राणी, इस्पिक दुर्री, बदाम अठ्ठी. लूप पहिल्या जागेवर येतो: राजा लागत नाही, काढला. आता लिस्ट एक घर पुढे सरकली, राणी पहिल्या जागी आली. लूप मात्र दुसऱ्या जागेकडे जातो, तिथे दुर्री आहे. लागत नाही, काढली. पुन्हा सगळं सरकलं. आता उरली राणी आणि अठ्ठी, आणि लूपला तिसरी जागाच नाही, तो संपला. राणीला कुणी विचारलंच नाही. उरलेल्यातलं पहिलं पान म्हणून कॉम्प्युटर किलवरची राणी पटावर टाकतो, किलवरची सत्ती लागलेली नसताना.

आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. `चालणारी` ही हाताची प्रत नव्हती, तो हातच होता. राजा आणि दुर्री खेळातून गेले. `तपास` इथे लगेच ५० सांगेल.

जावात अशा लूपमध्ये लिस्टमधून काढलं की बहुतेक वेळा ‘कन्करंट मॉडिफिकेशन’चा एक्सेप्शन तोंडावर येतो. पायथन गप्प बसतो. पानं काढत बसू नका. लागणारी पानं वेचून नवी लिस्ट बनवा, एका ओळीचं लिस्ट कॉम्प्रिहेन्शन. आणि पान लागतं की नाही हा प्रश्न खेळाडूने स्वतः सोडवायचा नाही, `पट.लागेल_का(पान)` असा पटाला विचारायचा. रांगांची टोकं पटालाच ठाऊक असतात.

पान हातात दिसतंय, पण ‘लिस्टमध्ये नाही’ म्हणतो

माणूस ‘बदाम ८’ टाइप करतो, तुम्ही त्यावरून नवा `पान` ऑब्जेक्ट बनवता आणि हातातून तो काढायला सांगता. व्हॅल्यू एरर. हात छापला तर बदाम अठ्ठी समोर दिसते.

व्याख्या दिलेली नसेल तर पायथन दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का एवढंच बघतो, ते सारखे आहेत का हे नाही. तुमची अठ्ठी हातातल्या अठ्ठीसारखी आहे, पण ती नव्हे. ‘ईक्यू’ मेथड लिहिली की हे सुटतं, पण लगेच पुढचं येतं: ‘ईक्यू’ लिहिली आणि ‘हॅश’ नाही, तर पान सेटमध्ये जायला नकार देतं आणि वरचा `तपास` मोडतो. जावातही ‘इक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ची जोडी सोडता येत नाही. पायथन ३.७ पासून सोपी वाट आहे: `पान`ला ‘डेटाक्लास’ करा आणि ‘फ्रोझन’ ट्रू ठेवा. बरोबरी, हॅश, छपाई तिन्ही मिळतात, आणि बनल्यावर पान बदलता येत नाही. छापील पत्त्यावरचं चिन्ह तरी कुठे बदलतं?

पानात दोनच गोष्टी ठेवा: चिन्ह आणि १ ते १३ आकडा. आकडा स्ट्रिंग म्हणून ठेवला तर हात लावताना दश्शी दुर्रीच्या आधी येते, कारण स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. आणि ‘एक्का मोठा की लहान’ हे पानात लिहू नका. बदाम सातला तो तळाला आहे, मेंढीकोटला राजाच्या वर, आणि मेंढीकोटला दश्शीचं मोलच वेगळं. ते नियम खेळाचे आहेत, `पान` क्लास दोन्हीकडे तोच चालला पाहिजे.

माणसाने चुकीचं पान निवडलं की ते गायब होतं

कोड बघा: आधी हातातून ‘पॉप’, मग ते लागतं का ही तपासणी, लागत नसेल तर ‘हे चालत नाही, पुन्हा निवडा’ आणि ‘कंटिन्यू’. पान हातातून निघालं, पटावर पोचलं नाही. कॉम्प्युटरचे खेळाडू आपापसात खेळवले तर हा दोष कधीच दिसत नाही, कारण ते चुकीचं पान निवडत नाहीत. आधी विचारा, मग हलवा.

पानं हलवण्याचा अधिकार एकाच ठिकाणी ठेवणं हे या सगळ्याच्या मुळाशी आहे. `डाव`मध्ये एकच मेथड, `लाव(खेळाडू, पान)`. ती पटाला विचारते, हातातून काढते, पटावर ठेवते, `तपास`ला बोलावते. दुसरं कुणीही `खेळाडू.हात`ला हात लावायचा नाही. पायथनमध्ये कुलूप नसतं. नावाआधी एक अंडरस्कोअर लावून ‘हे आतलं आहे’ एवढंच सांगता येतं. जावात ‘प्रायव्हेट’ करा, पण गेटरमधून तीच लिस्ट बाहेर दिलीत तर कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवल्यासारखं आहे. प्रत द्या.

इन्हेरिटन्सचा मोह इथे फार होतो. `खेळाडू`कडे पानं असतात, कॅटमध्येही पानं असतात, म्हणून `खेळाडू`ला `कॅट`चा वारस करणारे भेटतात. मग खेळाडूला पिसताही येतं आणि वाटताही येतं. `कॅट`ला थेट ‘लिस्ट’चा वारस केलं तर बाहेरचा कुणीही त्यात पान घुसवू शकतो. वारसा शोभतो तो माणूस आणि कॉम्प्युटर या दोन खेळाडूंना: दोघांची `पान_निवड` मेथड वेगळी, बाकी सगळं `खेळाडू`चं.

पिसल्यावर कॅटच नाहीसा

`कॅट.पानं = ` असं लिहून पुढे ‘शफल’ बोलावलं असेल तर कॅटमध्ये ‘नन’ येतो. ‘शफल’ जागच्या जागी पिसतं, परत काही देत नाही. डावीकडचं काढून टाका.

स्वतःच पिसणी लिहायची हौस असेल तर फिशर आणि येट्स यांची १९३८ची पद्धत घ्या. ड्युरस्टेनफेल्डने १९६४ मध्ये तिला कॉम्प्युटरसाठी सुटसुटीत रूप दिलं. शेवटच्या पानापासून सुरुवात, आणि प्रत्येक पानाची अदलाबदल फक्त स्वतःच्या किंवा त्याआधीच्या जागेशी. ‘प्रत्येक पान कुठल्याही जागेशी बदला’ ही सहज सुचणारी पद्धत न्याय्य नाही. तीन पानांवर करून बघा: २७ सारख्या शक्यता, क्रम मात्र सहा, आणि २७ला सहाने भाग जात नाही. काही क्रम जास्त वेळा येणारच.

पहिला डाव छान, दुसऱ्यात सुरुवातीपासून पास

तोच `डाव` ऑब्जेक्ट पुन्हा वापरलाय आणि पट साफ केलेला नाही. मागच्या डावाच्या रांगा बहुतेक भरलेल्या, त्यामुळे नवं जवळजवळ काहीच लागत नाही; `तपास` ५२च्या कितीतरी वर जातो. हात साफ केले, कॅट साफ केला, पट विसरला असं करत बसू नका. दर वेळी नवा `डाव` बनवा, त्याच्या आत नवा `कॅट` आणि नवा `पट`, आणि हातही त्यानेच नवे द्यायचे. गुण खेळाडूंजवळ राहतात, ते डावाबरोबर जात नाहीत.

एवढं झाल्यावर चारही खेळाडू कॉम्प्युटरचे करा, छपाई बंद ठेवा आणि ० ते ९९९ सीडचे डाव लूपमध्ये खेळवा. मग तीन खेळाडू, मग पाच. त्यानंतर माणसाच्या जागी एक खोडकर खेळाडू लिहा, जो मुद्दाम न लागणारी पानं निवडत राहतो आणि चारदोनदा नकार ऐकल्यावरच बरोबर पान देतो. कुठे `तपास`मधलं असर्ट (‘हे खरं असलंच पाहिजे’ ही अट) तुटलं तर सीडचा आकडा समोर छापलेला असेलच. तोच सीड देऊन, छपाई चालू करून, तो एकच डाव पुन्हा चालवा आणि तुटलेल्या पाळीच्या आधीचा आणि नंतरचा हात शेजारी ठेवून वाचा.